भिंतीवरच्या कालनिर्णयात समुद्र

मालवणजवळ, रविवार, १८ जानेवारी २०२६
पौष अमावास्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

इथे रविवार हा पत्राचा दिवस. मुलांचे मोबाइल आल्या दिवशीच पेटीत बंद होतात आणि घरी जे काही कळवायचं ते पत्रानं. मुलं लिहीत असतील तर शिक्षकांनीही लिहायचं, असं आम्ही ठरवलंय. म्हणून फोनवर बोलता आलं असतं तरी हे लिहायला बसलेय. खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात बाबांनी जे विचारलं, त्याचं उत्तर मला फोनवर देताच आलं नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "पोरं घरापासून तोडून चार महिने समुद्रावर नेऊन ठेवता, त्यात शिक्षण कुठं आलं?" सोलापुरातली कायम नोकरी सोडून मी इथे आले, तेही या प्रश्नात होतंच. तुम्ही बोलला नाहीत, पण होतं.

या वेळी बावीस मुलं आहेत, पंधरा-सोळा वर्षांची. ४ तारखेला संध्याकाळी आली. झावळ्यांच्या छपराची लांब पडवी, खाली चटया, दिवे सौरऊर्जेवर आणि रात्री नऊला बंद. पहिल्या रात्री कोणी कोणाशी बोलत नाही. हात सारखा खिशाकडे जातो, मोबाइल नाही हे आठवतं आणि हात परत येतो. दर सत्राला मी हे बघते.

त्यात एक मुलगा आपल्या सोलापूरचा आहे, भवानी पेठेतला. सामान ठेवल्या ठेवल्या त्यानं मला विचारलं, "मॅडम, इथं पाणी किती दिवसाला येतंय वो?" मी म्हटलं, विहीर आहे, रहाट आहे, लागेल तेव्हा ओढायचं. त्यानं मान हलवली. रात्री साडेदहाला मी फेरी मारायला गेले तर स्वयंपाकघरातली सगळी पातेली, कळश्या, दोन बादल्या, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा काठोकाठ भरलेला, आणि हा अंधारात रहाटापाशी उभा. "उद्या नाही आलं तर?" म्हणाला. आई, मला तूच दिसलीस. चार-पाच दिवसांनी नळ येणार म्हणून पहाटे उठून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवणारी तू. मी त्याला थांबवलं नाही. त्याच्यासोबत राहिलेला हंडा भरला.

दुसऱ्या रात्री तो जेवला नाही. पांघरुणात तोंड घालून रडत होता. पांघरूण म्हणजे आपली सोलापुरी चादर, मोराची नक्षी असलेली. माझ्याकडून चूक झाली ती इथे. मी जवळ बसून समजुती घालत राहिले, की दोन दिवसांत बरं वाटेल, बघ बाकीची मुलं कशी राहिली. तो आणखीच आक्रसला. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी दारातून बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रडांदी तेका. रडान झाला काय आपणच जेवतलो." मी गप्प बसले. तासाभरानं तो उठून चुलीपाशी गेला, भात आणि सोलकढी घेतली आणि भांडं स्वतः घासलं. त्या रात्री मला माझं वसतिगृह आठवलं. मी अकरावीला गेले तेव्हा बाबा, तुम्ही मला सोडून निघालात आणि एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. कितीतरी वर्षं मला त्याचा राग होता. आता रोज बघते ना, आईबाप मागे वळले की मूल पुन्हा पहिल्यापासून रडतं.

आता शिक्षणाचं. बाबा, तुम्हाला पाळी आणि भोंगा सांगायला नको. पहिली, दुसरी, रात्रपाळी, आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणारं अख्खं गाव. इथे आमचा भोंगा समुद्र आहे, फक्त तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा होतो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, कारण पृथ्वी फिरते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्यामुळे आमचं वेळापत्रक भिंतीवर कायमचं लिहिता येत नाही. आज खडकांवरचा तास सकाळी, तर आठवड्यानं दुपारी. पहिले चार दिवस मुलं वैतागतात. "नक्की किती वाजता ते सांगा ना!" आणि मग त्यांना मच्छीमारांचा हिशेब शिकवायचा असतो.

आई, हा हिशेब तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि रात्रीही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. अष्टमीला आठाचे सहा. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही की उतरत नाही, त्याला इथे भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. म्हणजे ६ तारखेला तू अंगारकीचा उपास धरून चंद्राची वाट बघत होतीस ना, त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही बावीस मुलं घेऊन ओहोटीच्या वाळूवर होतो. तुझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जे कालनिर्णय आहे, त्यातच माझा समुद्र आहे. मला फोन लागला नाही तर तिथी बघायची आणि पाऊणपट करायची.

त्या सकाळी वाळूवर जे दिसलं ते बाबांना दाखवायला हवं होतं. करंगळीच्या नखाएवढे खेकडे असतात. पाणी हटलं की बिळातून वर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं बारीक शेवाळ आणि खाण्याजोगं काही असेल ते चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. बीळ मध्ये आणि चहूकडे गोळ्यांच्या रांगा, किरणांसारख्या. शेजारी दुसऱ्याचं बीळ, तिसऱ्याचं. तासाभरात सगळी वाळू चादरीच्या काठासारखी भरून जाते. मुलांना मी काहीच सांगितलं नाही, फक्त एकेकाला एकेक बीळ दिलं आणि हलायचं नाही म्हटलं. हलला की खेकडा आत. ज्या मुलांना पाच मिनिटं गप्प बसवत नव्हतं ती पाऊण तास उकिडवी बसली. मग पाणी आलं आणि सगळी नक्षी पुसून गेलं. एक मुलगी म्हणाली, "उद्या पुन्हा करतील?" उद्या पन्नास मिनिटं उशिरा करतील, हे उत्तर सोलापूरच्या पोरानं दिलं. आल्यापासून वर्गात बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

होडी वल्हवणं, लाइफ जॅकेट घालून पोहण्याची चाचणी, गाठी मारणं हेही चालूच आहे. एका मुलीचा तळपाय कालवांच्या शिंपल्यांवर कापला. चपला घाला हे मी तिला दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. जखम भरलीय, काळजी नको. पाचव्या दिवशी सिंधुदुर्ग दाखवला. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आपल्या पोरानं दूधबावेत वाकून बघितलं आणि बराच वेळ सरळच झाला नाही. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्याच्या वर राहतं, हे मी नंतर सांगितलं.

बाबा, ही कल्पना आमच्याच डोक्यातून निघालेली नाही. १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, वेल्समधल्या ॲबरडोव्ही या समुद्रकाठच्या गावात कुर्ट हान हे शिक्षक आणि लॉरेन्स होल्ट हे जहाजकंपनीचे मालक यांनी 'आउटवर्ड बाउंड' नावाची शाळा काढली. जहाज बुडालं की अंगात जोर असलेली तरुण पोरं आधी हाय खातात आणि वयस्कर खलाशी तग धरतात, असं होल्ट यांना वाटत होतं. म्हणून मुलांना जेमतेम महिनाभर पाण्यावर आणि डोंगरात ठेवायचं. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला खलाशी 'आउटवर्ड बाउंड' याच नावानं ओळखतात. तुम्ही मला वसतिगृहाच्या फाटकात सोडून गेलात तेव्हा यातलं काही वाचलं नव्हतंत, पण तेच केलंत.

१४ तारखेचं सांगते. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा चुकला म्हणून आई तू रागावलीस, मला माहीत आहे. त्या पोराच्या घरात नंदीध्वजाची सेवा आहे. वडील बाराबंदी घालून पुढे असतात. सकाळपासून तो घुम्यासारखा होता. दुपारी ओहोटी होती, एकादशीची, सव्वादोनच्या आसपास. मावशींकडे जाऊन त्यानं मूठभर तांदूळ आणि हळद मागितली. मुलांनी विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, सिद्धेश्वर महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, सात नंदीध्वज, तळ्याकाठचा संमती कट्टा, पांढऱ्या कपड्यांनी भरलेला रस्ता. पुण्या-मुंबईची पोरं तोंड उघडून ऐकत होती. मग ओल्या वाळूवर एक वल्हं उभं रोवलं, बावीस जणांनी अक्षता हातात घेतल्या आणि तो ओरडला, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" मीही ओरडले. आवाज फुटेना, तरी ओरडले. आई, गड्डा चुकला नाही गं.

आता कामाचं. १ फेब्रुवारीला, रविवारी, पौर्णिमा आहे. दोघं या. शनिवारी रात्रीच्या एसटीनं कोल्हापूर, तिथून सकाळी मालवण. मी स्टँडवर असेन. पंधराचे पाऊण सव्वाअकरा, तेव्हा भरती, म्हणजे पाचच्या पुढे वाळू उघडी पडेल आणि तुम्हाला खेकडे दाखवता येतील. आईच्या गुडघ्यांसाठी वाळूपर्यंत सपाट वाट आहे, मी चालून बघितली. येताना शेंगाची चटणी आणा, आणि कडक भाकरी थोड्याथोडक्या नकोत, बावीस तोंडं आहेत.

बाबा, या पाकिटात आणखी एक घडी घातलेला कागद आहे. तो त्या पोराचा, त्याच्या आजीला. तिला वाचता येत नाही, आणि घरातले सगळे दिवसभर कारखान्यात. "मॅडम, तुमचे बाबा वाचून दाखवतील का?" असं त्यानं विचारलं, आणि मी तुम्हाला न विचारताच हो म्हटलं. पत्ता मागच्या बाजूला आहे. आजीला कमी ऐकू येतं म्हणे, जवळ बसून वाचा.

तुमची,
लेक