बर्फावरची छोटी हायब्रिड

संपादक महोदय,

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी रचना, म्हटले की धिप्पाड एसयूव्हीच डोळ्यांसमोर येते. येथे जपानच्या होक्काइदो बेटावर मात्र तो समज टिकत नाही. २०२१ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा अ‍ॅक्वा या १.५ लिटरच्या हायब्रिड हॅचबॅकमध्ये मागच्या चाकांसाठी स्वतंत्र विद्युत मोटर घेता येते, त्यामुळे इंजिनची शक्ती पुढून मागे नेणाऱ्या जड शाफ्टची (दांड्याची) गरजच उरत नाही. सिग्नलपाशी टायरांनी घासून काचेसारख्या झालेल्या बर्फावर पुढची चाके जागीच फिरू लागली की हीच मोटर मागून हलकेच रेटा देते. थांबताना मात्र भिस्त हिवाळी टायरांवरच! आपल्या वाहनविषयक पुरवणीत गाडीच्या आकाराइतकीच तिच्या रचनेचीही चर्चा व्हावी, ही विनंती.

– एक वाचक, साप्पोरो