दोरी घेऊन मैदानात गेलेली मुलेही गणितच शिकतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत पालक सभा झाली. पाचवीची मुले पुस्तके मिटून दोरी आणि रद्दी घेऊन फिरतात, मग गणित कधी शिकणार, अशी तक्रार एका पालकांनी केली आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी शेतकरी आहे, एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) सदस्य आहे आणि भाऊबंदांच्या वाटणीत पंच म्हणून बांधावर उभा राहतो. ही तक्रार खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या इतर शाळांतही होत असणार, म्हणून हे पत्र.

त्या वर्गात क्षेत्रफळाचा पाठ चालू असताना मी स्वतः बसलो होतो. बाईंनी जुन्या वर्तमानपत्रांचे एक फूट लांब, एक फूट रुंद असे चौकोन मुलांकडूनच कापून घेतले आणि एवढेच विचारले, की आपल्या वर्गाची फरशी झाकायला असे किती लागतील? कोणी शंभर म्हणाले, कोणी हजार. मग गट करून भिंतीच्या कडेने कागद मांडायला सुरुवात झाली. एका गटाचे कागद एकमेकांवर चढत होते, दुसऱ्याने मध्ये फटी सोडल्या होत्या. त्यावरून चांगलीच वादावादी झाली. फट राहिली तर आकडा कमी भरतो आणि कागद चढला तर जास्त, हे मुलांनी भांडता भांडता एकमेकांना पटवले. बाई मध्ये पडल्या नाहीत. लांबीकडे 20 कागद बसले, रुंदीकडे 18, आणि रद्दी संपली. मधली फरशी उघडीच. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, आणि कागद कशाला पायजेत? एका रांगेत वीस, तशा अठरा रांगा." 360 चौरस फूट. लांबी गुणिले रुंदी फळ्यावर आली ती त्यानंतर.

हेच सूत्र आधी पाठ करून घेतले की सातवी-आठवीतली मुलेसुद्धा विचारतात, "इथं बेरीज करायची की गुणाकार?" परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत तिथूनच सुरू होते आणि मोठेपणीही ती जात नाही. वाटणीच्या वेळी हे मी पाहतो. बांध लांब दिसला की हिस्सा मोठा, असे धरून चालणारी शहाणीसुरती माणसे आहेत.

बाईंनी पुढे मैदानात जे केले ते तर प्रत्येक पालकाने पाहावे. 132 फुटांची दोरी, टोके बांधलेली, दर 33 फुटांवर गाठ. चार गाठींवर चार मुले उभी राहिली आणि चौरस ताणला. 33 बाय 33, म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. घरात रोज ऐकलेला गुंठा मुलांनी पहिल्यांदा चालून पाहिला. आपल्या वर्गासारखे तीन वर्ग आत मावतात आणि 9 चौरस फूट उरतात, हा हिशेबही त्यांनीच काढला. मग तीच दोरी 50 बाय 16 अशी धरली, तर 800 चौरस फूट. 60 बाय 6 धरली, तर 360, आपल्या एका वर्गाएवढीच! दोरी तीच, एक इंचही कमी नाही.

शेवटी पुन्हा चौरस करून समोरासमोरच्या दोघांना आत चालायला सांगितले. चारही बाजू 33 फुटांच्याच राहिल्या, पण आतली जागा आवळत गेली. आमच्याकडे वाकडे शेत मोजताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. चारही कोपरे काटकोनात नसतील तर तो आकडा खऱ्या क्षेत्रापेक्षा नेहमी जास्तच येतो आणि घेणारा न मिळालेल्या जमिनीचे पैसे मोजतो. मध्ये कर्ण टाकून दोन त्रिकोण मोजावेत, हे मुले वरच्या वर्गात शिकतील. पण का मोजावेत, ते त्यांनी दोरी धरून पाहिले आहे.

आपल्या भागात तर याची जास्तच गरज आहे. पुस्तकात चौरस सेंटिमीटर आणि चौरस मीटर, घरच्या उताऱ्यावर एकर, गुंठे, आणे (गुंठ्याचा सोळावा भाग), प्लॉट 30 बाय 40 फुटांचा, आणि पलीकडे महाराष्ट्रात चंदगडच्या पाहुण्यांच्या सात-बाऱ्यावर हेक्टर-आर. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठा त्याहून जरासाच मोठा. एवढे नाते पाचवीत कळले तर मूल घरचा कागद वाचायला लागेल.

शिक्षण खात्याला विनंती आहे, की या पाठाला चार-पाच तास मोकळे द्यावेत आणि "पाठ पुढे का सरकला नाही" म्हणून शिक्षकांना धारेवर धरू नये. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असताना कोणी एवढे कष्ट घेत असेल, तर पाठीशी उभे राहणे हे आपले काम आहे. गाठी मारलेली दोरी आणि चौकटीचे कागद यांचा खर्च एसडीएमसीने करावा. तो फार नाही. आणि पालकांनी त्या दिवशी घरच्या उताऱ्याची झेरॉक्स मुलाच्या दप्तरात घालून द्यावी.

आपला,
एक शेतकरी पालक
ता. खानापूर, जि. बेळगाव