मॉडेल विमानांचे कापडकाम पावसाळ्यात नको

महोदय,

आमच्या भागातील एका शाळेने यंदा जुलैमध्ये मॉडेल विमानांचे शिबिर घेतले. मुलांनी बाल्सा या हलक्या लाकडाचे सांगाडे नेटके जुळवले होते. पण त्यांवर रेशीम चढवून डोप लावल्यानंतर बहुतेक पंख पांढुरके पडले, काही पिळले गेले आणि ठपका मुलांच्या हातांवर आला. हा ठपका मला पटत नाही. गोव्यात या कामासाठी जुलै निवडणे हेच मुळात चुकले.

डोप म्हणजे सेल्युलोजचे संयुग थिनरमध्ये विरघळवून केलेले पातळ लुकण. थिनर झपाट्याने उडून जातो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो. हवा दमट असली की थंड झालेल्या त्या ओल्या थरात बाष्प उतरते आणि तो दुधाळ होतो. पावसाळ्यात आपल्याकडील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा हे टळणे अवघडच. सावकाश उडणारा थिनर मिसळून थोडाफार आवर घालता येतो, पण ते काम सरावलेल्या हातांचे. शिवाय दुधाळ थर केवळ कुरूप नसतो, तो कमजोरही असतो.

पंख पिळण्याचे कारण निराळे आहे. रेशीम ओले करून, कडांना डोपने चिकटवत, सुरकुत्या बाहेरच्या बाजूला ओढत सांगाड्यावर बसवले जाते. वाळताना ते आवळते, त्यावरचा डोप त्याला आणखी ताणतो, आणि खालचा व वरचा ताण सारखा नसेल तर हलका बाल्सा त्या ओढीने वळतो. म्हणून कापडाचा उभा धागा पंखाच्या लांबीने ठेवून आधी खालची बाजू मढवावी, मग वरची, आणि पूर्ण वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवावा. पावसात वाळायला इतका वेळ लागतो की शिबिराचा तास संपला की मुले पंख फळीवरून उचलतात आणि पीळ तिथेच बसतो. नाजूक पंखासाठी डोपमध्ये एरंडेलाचे मोजके थेंब घातले तर त्याची ओढ सौम्य होते. एरंडेल कोणत्याही गावात मिळते.

कापडही पारखून घ्यावे. म्हापशाच्या बाजारात रेशीम म्हणून हाती आलेला तुकडा पॉलिएस्टरचा निघू शकतो, आणि पॉलिएस्टर ताणायला पाणी व डोप पुरत नाहीत, इस्त्रीची ऊब लागते. एक धागा जाळून पाहावा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा अर्थातच डोपच्या डब्यापासून लांब, घराबाहेर करावी. नायट्रेट डोप क्षणात पेट घेतो.

बोगमाळोच्या नौदल विमानवाहतूक संग्रहालयात मुले धातूची विमाने पाहतात, तेव्हा पहिल्या महायुद्धातील बहुतेक विमाने लाकडी सांगाड्यावर डोप दिलेले लिनन चढवून बनत, आणि दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन या लढाऊ विमानाच्या मागच्या धडावरही कापडच होते, हे त्यांना सांगायला हवे. मग या कामाला कोणी हस्तकलेचा फावला तास म्हणणार नाही.

शाळांनी पावसाळ्यात आराखडे, फासळ्या कापणे आणि सांगाडे घासून गुळगुळीत करणे एवढेच उरकावे. कापड आणि डोप डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या दिवशी, उघड्या व्हरांड्यात, शिक्षकांच्या देखरेखीखाली घ्यावे.

आपला,
एक वाचक, बार्देश