सिस्टर, तुमचा रुमाल आमच्याकडेच आहे

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फेब्रुवारीतल्या त्या रात्री सोलापूरच्या सिव्हिलला तुम्ही ड्युटीवर होता, एवढीच ओळख माझ्याकडे आहे. आम्ही नान्नजकडचे. ज्वारीची काढणी चालली होती. दिवेलागणीला आईने कडब्याची पेंढी उचलली आणि करंगळीच्या बाजूला फुरसं चावलं.

माळढोक बघायला आमच्या माळावर कुठून कुठून लोक येतात. त्याच मुरमात, दगडाच्या कपारीत राहणाऱ्या एवढ्याशा विषारी सापाला, फुरशाला, कोण विचारतंय? जेमतेम हातभर लांब, मातीचाच रंग, डोक्यावर पाखराच्या पावलासारखी खूण. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते आवाज करतं, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आई म्हणते, "आवाज आला हुता की. मला वाटलं कडबाच करकरतोय."

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी काय काय झालं ते सांगितलं नाही तर हे पत्र खोटं होईल. शेजारच्या काकांनी कडुलिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला, म्हणजे विष नाही म्हणे. मी शिकलेला माणूस, पण मीही दावं घेऊन दंड आवळलाच. मग जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवरचा फोटो लांबूनच बघितला, "घोणसाचं पिल्लू दिसतंय, एवढ्याशाने काय होतंय" म्हणाले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, बिल घेतलं आणि घरी पाठवलं. अहो, घोणसाचं पिल्लू असतं तरी ते काय बिनविषारी असतं? रात्री आईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पायावर ज्वारीच्या धसाने ओरखडलं होतं, तीन दिवसांची जुनी जखम, तीही वाहायला लागली. तेव्हा गाडी काढली.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. तुमच्यासाठी ती रोजची गोष्ट असेल. डॉक्टरांनी आईचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, 20 मिनिटं कुणी हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक. मी त्या नळीकडे बघत बसलो होतो. आईचं लक्ष मात्र हातातल्या बांगड्यांकडे होतं. हात कोपरापर्यंत सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "फोडून टाका पटकन." आईने हात मागे ओढला. अण्णा, माझे वडील, बाहेर बाकावर बसले होते. तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

तुम्ही म्हणालात, "मावशी, फोडत नाही. काढून ठेवते." साबणाचं पाणी केलंत, जखमेला धक्का लागू न देता एकेक बांगडी उतरवलीत. प्रत्येक वेळी आईच्या तोंडाकडे बघून, थांबून थांबून. सहा निघाल्या. सातवी तडकली. सगळे गप्प. आणि तुम्ही अगदी सहज म्हणालात, "ही वाढली बघा मावशी."

फुटली नाही म्हणालात, वाढली म्हणालात. एवढ्या धावपळीत, शेजारच्या खाटेवरचा पेशंट हाका मारत असताना, तुम्हाला तो शब्द आठवला. आई त्या रात्री पहिल्यांदा तेव्हा रडली, आणि मग तिने हात सैल सोडला. तुकडेसुद्धा वेचून तुम्ही स्वतःच्या रुमालात बांधलेत आणि तिच्या उशाशी ठेवलेत.

तेवढ्यात 20 मिनिटं झाली होती. नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखं ओघळलं.

मग लस. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच. पांढऱ्या पावडरीच्या 10 बाटल्या. त्यात पाणी घालून तुम्ही त्या दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवत होता, हलवली तर फेस होतो म्हणालात. ही घोड्याच्या रक्तापासून करतात असं तुम्ही सांगितलंत, तर आई त्या अवस्थेतही म्हणाली, "मंजे बाळे गावच्या खंडोबाचंच घोडं आलं की." तुम्ही हसलात. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा लस. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त गोठलं, पण तोवर तुमची ड्युटी संपली होती.

आई आता बरी आहे. करंगळी अजून पुरती वळत नाही, भाकरी थापताना कुरकुरते. पहिल्या दवाखान्यात जाऊन भांडायचं माझ्या फार मनात होतं. गेलो नाही. तो राग या पत्रात थोडा सांडलाय, तेवढं चालवून घ्या.

सहा बांगड्या परत आईच्या हातात आहेत. सातवीचे तुकडे तिने तुळशीत घातले. रुमाल धुऊन, घडी करून फडताळात ठेवलाय. मी दोनदा म्हणालो, सोलापूरला चाललोय, देऊन येतो. तर म्हणते, "मोकळा रुमाल द्यायचा व्हय? पोरीला हुरड्याला बोलीव, बांधून दिऊ."

तर डिसेंबरात हुरडा धरतो आहे. या.