रस्त्याकडचे दोन एकर

छत्रपती संभाजीनगर,
१० डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई व अण्णा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांचा आवाज जड झाला की माझ्याने पुढे बोलवत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ताई रविवारी निलंग्याहून येईल तेव्हा तिने ते आईला वाचून दाखवावे.

मी येथे एक लहानसे घर विकत घेतले आहे. खरेदीखत गेल्या सोमवारी झाले. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि त्यात मी एकटीच राहणार आहे. यापुढे माझ्यासाठी स्थळे पाहू नका, असे चाकूरच्या मामांनाही मी स्वतः कळवले आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते. विचारले असते तर अण्णा नाही म्हणाले नसते, पण आईने जेवण सोडले असते आणि तेवढ्याने माझा निश्चय ढळला असता. न विचारल्याबद्दल मला क्षमा करा. हा निर्णय मी रागाने किंवा उदगीरच्या त्या प्रकरणामुळे घेतलेला नाही, एवढे मात्र खरे माना.

आई, तू या घरात आलीस तेव्हा सोळा माणसांच्या भाकरी थापून पुन्हा खुरपणीला जात होतीस. ज्वारीची काढणी, कणसे मोडणे, खळ्यावरची मळणी, कडब्याची बणीम रचणे, या सगळ्याला घरचे हात लागत आणि सावडीने शेजाऱ्यांचेही लागत. म्हणून घरात सून येणे म्हणजे शेताला दोन हात मिळणे असा हिशेब होता, आणि तो त्या काळी कोणाला वावगा वाटला नाही. आज आपल्या शिवारात ज्वारी नावापुरती उरली आहे. सोयाबीन पेरायला ट्रॅक्टर येतो, कोळप्याच्या जागी तणनाशक आले, काढणी गुत्त्याने होते आणि मळणीयंत्र दोन तासांत रास करून निघून जाते. सर्जा गेल्यापासून दावण रिकामी आहे. माणसे शेतातून निघून गेली म्हणून आपण हळहळतो, पण त्यांना धरून ठेवणारे कामच शेतात उरले नाही, आणि जमीनही तेवढी उरली नाही. बँकेत पीककर्जाची प्रकरणे पाहताना मी हे रोज अनुभवते. राज्यात १९७०-७१ साली शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, ती २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आली. आजोबांचे शिवार आणि मधल्या काकांच्या वाटणीनंतरचे आपले पाच एकर आठवले की हे आकडे मला परके वाटत नाहीत.

हे सगळे माझ्या निर्णयाचे समर्थन म्हणून लिहिते आहे, हे तुमच्या लक्षात येईलच. समर्थन करावेसे वाटते, कारण मुलगी एकटी राहिली की गाव आईबापांना बोल लावते. परंतु अण्णा, आपल्या आळीत किती घरांत चुलीपाशी एकच माणूस उरले आहे ते एकदा मोजून पाहा. थोरल्या काकूंचे तिन्ही मुलगे पुण्याला आहेत. पलीकडच्या वाड्यातला मुलगा आठ एकर बागायत असूनही मुलगी मिळत नाही म्हणून चाळिशीत एकटाच स्वयंपाक करतो आहे. देशात अविवाहित, विधवा आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांची संख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५.१२ कोटी होती, ती २०११ मध्ये ७.१४ कोटी झाली. त्यांतल्या बहुतेकींवर एकटे राहण्याची वेळ आली असेल. मला ते निवडता आले, कारण तुम्ही मला शिकवलेत.

आता माझ्या सोयीविषयी. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, समोरच्या घरात निवृत्त शिक्षिका राहतात आणि माझी एक किल्ली त्यांच्याकडे असते. पूर्वेची खिडकी आहे, त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरात ऊन येते. दोन्ही वेळा गरम भाकरी खाते. तू दिलेले पीठ संपत आले आहे. इमारत पक्की आहे का, असे तू तीनदा विचारलेस आणि मला त्यामागचे कळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आपण महिनाभर शेतात निजत होतो, आणि मी, चार वर्षांची, तुझ्या पदराचे टोक मुठीत धरल्याशिवाय डोळे मिटत नसे. तू कूस बदललीस तरी मी जागी होत असे. नव्या घरातल्या पहिल्या रात्री मला त्याच पदराची फार आठवण झाली. पण झोप लागली, आई. सकाळपर्यंत लागली.

रस्त्याकडचे दोन एकर तुम्ही माझ्या लग्नासाठी राखून ठेवले आहेत, हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. ते विकायचे नाहीत. त्यावर दलाल घिरट्या घालत आहेत असे ताई म्हणाली. कोणाकडूनही इसार घेऊ नका. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत वाचलेले थोडेसे सोयाबीनही, ५,३२८ रुपये हमीभाव असताना, तुम्हाला कितीतरी कमी भावाने आडतीवर घालावे लागले, त्यामुळे हातात पैसा नाही आणि मन खचले आहे, हे मला समजते. पैशाची चिंता माझ्यावर सोडा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला. पण मी तो मागायला बसलेली नाही, मला त्या मातीची जबाबदारी हवी आहे. खालचे तीन एकर पाडव्यापासून धाकट्या काकांच्या मुलाला ठोक्याने द्यावेत असे मला वाटते. मी त्याच्याशी बोलले आहे, शेवटचा शब्द मात्र तुमचाच राहील. रस्त्याकडच्या दोन एकरांत पुन्हा ज्वारी, तूर आणि करडई घेऊ, आणि हिशेब मी पाहीन.

अण्णा, रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला विहिरीवर जाणे आजपासून बंद. सौर पंपासाठी अर्ज केला आहे आणि दहा टक्के हिस्साही भरला आहे. तो बसला की दिवसा पाणी देता येईल. पाठीवरचा फवारणीपंप तुम्ही उचलायचा नाही, तुमचे गुडघे आणि रक्तदाब दोन्ही त्याला नको म्हणतात. आई, साखरेची गोळी उपवासालाही घ्यायची. रागावून लिहीत नाही, पण एवढे ऐका.

एकोणिसाव्या तारखेला येळवस, आपली शेतातली वेळ अमावास्या, आहे. मी आदल्या रात्रीच्या गाडीने निघते आहे. भज्जीसाठीचा भाजीपाला ताईकडून निवडून घे, आंबिलीचा डेरा तू एकटीने उचलू नकोस, आणि कडब्याची खोप अण्णांनी उभी केली तरी आतल्या पांडवांच्या दगडांना चुना मी आल्यावरच लावायचा.

तुमची,
धाकटी