पुन्हा दोनच वर्षं?

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू ॲमस्टरडॅमच्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या त्या मुदतीच्या संशोधनाच्या नोकरीचं, सांगितलंस आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "पुन्हा दोनच वर्षं?" तू फोन ठेवलास. बाबा रात्रीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला न विचारता आत्याकडे पेढे मात्र देऊन आले.

त्या विषयावर लिहायचंच नाही, असं ठरवून बसलेय. तू सांगितलेलं डच लोकांचं मी नीट ऐकलंय हं. 1970 पासून पाण्यात घाण सोडणाऱ्याकडून घाणीच्या मापानं पट्टी घेतात, कारखान्यांकडून आणि घराघरांतूनही. म्हणून कारखान्यांनी आपली घाण आवरली. आपल्याकडे 1977 चा पाणी उपकर होता, तोही मुख्यतः वापरलेल्या पाण्यावर, आणि 2017 ला तो गेला. मग पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, त्याची पट्टी कोण भरतं? आपणच की. जाळ्यात चिलापीशिवाय फारसं काही येत नाही, उन्हाळ्यात पाण्याला हिरवा तवंग. आजीचं शेत धरणात गेलं, नंतर पुण्याची घाणही तिच्याच दारात आली. तू सातवीत असताना काठावर उभं राहून विचारलं होतंस, "पुण्यातल्या लोकांना हे माहीत आहे का?" गाइडना तू काहीही कारण सांग, तुझी पीएचडी तिथंच सुरू झाली.

पण सोनू, कायम कधी होणार गं? धाकट्या मामाचं तू पाहिलंस. तासिका तत्त्वावर केस पांढरे झाले, मे महिन्यात पगार नाही, आणि मुलगी बघायला गेलो की आम्ही नुसतं "कॉलेजात आहे" म्हणायचो. हुशारीत तो कुणाला कमी होता? बँकेची ती परीक्षा तू दिली असतीस तर आज... बघ, झालं माझं सुरू. वर्गात बोलायची सवय जात नाही, रागावू नकोस.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं तूच सांगतेस ना? त्यांना पुण्यातली अर्थशास्त्राची गोखले संस्था होती, 1930 पासून. पायाखाली हक्काची जागा होती म्हणून माणसानं पुण्याची घरोघर पाहणी केली आणि प्रवरेला शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचा अध्यक्षही झाला. माझं म्हणणं एवढंच आहे. तुला जागा मिळाली तर तूही करशील, याची मला शंका नाही. जागेचीच आहे.

तिकडे थंडी फार, मफलर आत्या विणतेय. रंगावरून वाद घालू नकोस. नेमणुकीच्या कागदात आजारपणाचा विमा आहे का, ते बाबांना कळव, मला नको, मी पुढचं विचारत बसेन. आणि मुदत वाढवून मिळते का, तेही त्यांनाच सांग.

तुझी,
आई