खनिज पाण्याच्या नावाखाली नळाचे गरम पाणी: वेलिंग्राद सहलीबाबत तक्रार

पुणे, दि. ८ जून २०२६

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: बल्गेरियातील वेलिंग्राद येथील ‘बाल्नेओ पॅकेज’मध्ये (बाल्नेओ म्हणजे खनिज पाण्याचे स्नानोपचार) खनिज पाणी न मिळणे, माहितीपत्रकातील चुकीची माहिती आणि परताव्याची मागणी.

संदर्भ: आपल्या कंपनीची १६ ते २४ मे २०२६ ची सहल, १४ प्रवासी. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

आधी जे नीट झाले ते सांगतो. विमाने वेळेवर होती, सोफियाहून वेलिंग्रादपर्यंतची सुमारे १३० किलोमीटरची बस चांगली होती, हॉटेल स्वच्छ होते आणि सहल व्यवस्थापकांच्या वागण्याबद्दल काहीही म्हणणे नाही. तक्रार पाण्याची आहे, आणि ही सहल पाण्यासाठीच विकली गेली होती. माणशी १,६८,००० रुपयांच्या पॅकेजमध्ये ‘चार दिवसांचे खनिज बाल्नेओ उपचार, डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ यासाठी २४,००० रुपये आपण वेगळे लावले. पावतीवर ती ओळ स्वतंत्र आहे.

वेलिंग्राद हे ऱ्होडोपी पर्वतरांगेच्या पश्चिम भागातले, चेपिनोच्या खोऱ्यात वसलेले गाव. लाजेने, कामेनित्सा आणि चेपिनो ही तीन गावे १९४८ साली एकत्र करून ते झाले. तिन्ही भागांत झरे आहेत, पण पाणी एकसारखे नाही. कुठे ते जेमतेम २८ अंशांवर येते, कुठे ९१ अंशांवर. सर्वांत कडक पाणी कामेनित्सा भागातले. म्हणून ‘हॉटेलमध्ये खनिज पाणी आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या झऱ्याचे, किती अंशांवर येते, ते कसे थंड करतात आणि कोणत्या कुंडात सोडतात, हे चार प्रश्न विचारायचे असतात. हॉटेल ठरवताना यातला एकही विचारला गेलेला दिसत नाही.

८०-९० अंशांचे पाणी कुंडात उतरण्याजोगे, म्हणजे ३६ ते ३८ अंशांवर आणायचे, तर सरळ मार्ग दोन. एक, ते टाकीत साठवून किंवा उष्णता-विनिमयकातून फिरवून तसेच, काही न मिसळता थंड करायचे. दुसरा, त्यात नळाचे गार पाणी ओतायचे. दुसरा स्वस्त, पण मग कुंडात खनिज पाणी निम्म्याहूनही कमी उरते. आमच्या हॉटेलने तिसराच मार्ग काढला होता. मोठे बाहेरचे कुंड, आतला पोहण्याचा तलाव आणि जाकुझी, तिन्हींत नळाचेच पाणी बॉयलरने तापवलेले. खनिज पाणी फक्त तळघरातल्या एका लहान कुंडात, जेमतेम सहा माणसांचे, आणि ते आमच्या मुक्कामाच्या चारही दिवस ‘दुरुस्तीसाठी बंद’.

हा अंदाज नाही. आमच्यातले दोघे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्याजवळ पीएच (पाणी आम्ल की अल्क याचे माप) तपासायच्या पट्ट्या होत्या. ऱ्होडोपीच्या ग्रॅनाइटमधून वर येणारे हे पाणी क्षारांनी हलके पण अल्कधर्मी असते. साबण नीट धुतला गेला नाही असे वाटावे इतके ते अंगाला निसरडे लागते. चेश्म्यावर, म्हणजे गावातल्या सार्वजनिक तोटीवर, पट्टी गर्द निळी झाली: पीएच ९ च्या आसपास. हॉटेलच्या मोठ्या कुंडात तीच पट्टी पिवळट-हिरवी, ७.२. शिवाय क्लोरिनचा वास नाकात बसेल इतका. क्लोरिनचे जंतू मारायचे खरे काम त्यापासून पाण्यात तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल करते. पीएच ७.२ ला क्लोरिनचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्या रूपात असतो, पीएच ९ ला जेमतेम ३ टक्के. त्यात गंधकी पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड उरलासुरला क्लोरिन खाऊन टाकतो. त्यामुळे असे खनिज पाणी क्लोरिन घालून आठवडाभर फिरवत ठेवण्यात अर्थ नसतो. ते एका बाजूने सोडत, दुसऱ्या बाजूने वाहू देत, कुंड वरचेवर रिकामे करून वापरावे लागते. जिथे क्लोरिनचा घमघमाट आणि पीएच ७.२, तिथे पाणी नळाचे, हे कोणत्याही जलतरण तलावावरचा माणूस सांगेल.

पट्टीवर विश्वास नसेल तर जोडव्यांवर ठेवा. गटातल्या सहा महिलांच्या पायात चांदीची जोडवी होती. हॉटेलच्या कुंडात तीन दिवस उतरूनही ती तशीच पांढरी राहिली. चौथ्या दिवशी आम्ही कामेनित्सा भागातल्या एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहात माणशी ८ युरो तिकीट काढून गेलो. तिथे वीस मिनिटांत सगळी जोडवी निळसर काळी पडली. गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, तोच हा. (भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर खायचा सोडा आणि उकळते पाणी घालून जोडवी फॉइलला टेकवून ठेवली की थर जातो. पुढच्या गटाला सांगावे, कारण आम्हाला चांदी काढून ठेवा असे कुणीच सांगितले नव्हते.)

आता ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ या शब्दांबद्दल. बल्गेरियाच्या नियमांत अशा केंद्रांचे चार प्रकार वेगळे धरले आहेत: बाल्नेओ म्हणजे मेडिकल स्पा, स्पा, वेलनेस आणि थालासो (समुद्राच्या पाण्याचे उपचार). प्रमाणपत्र कशाचे आहे ते स्वागतकक्षात लावलेले असते. आमच्या हॉटेलच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र वेलनेस केंद्राचे होते. म्हणजे मसाज, सौना, वाफ, पोहणे. त्यात गैर काही नाही आणि हॉटेलने आमच्याशी खोटेपणाही केलेला नाही. त्यांनी वेलनेस विकले, आपण त्यावर बाल्नेओचे लेबल चिकटवून २४,००० रुपये घेतले. डॉक्टर नव्हते. इंग्रजीत छापलेला एक कागद होता, त्यावर सही घेतली आणि झाले.

हे किरकोळ नाही. गटातले नऊ जण साठीच्या पुढचे, त्यातले पाच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. आपल्या सूचनापत्रकात छापले आहे, ‘पूर्ण लाभासाठी रोज किमान एक तास पाण्यात बसावे.’ हे कुणी लिहिले? ३७-३८ अंशांच्या पाण्यात पहिल्या दिवशी दहा मिनिटे आणि पुढे पंधरा ते वीस, यापलीकडे जायचे नसते. कोमट पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, आणि माणूस एकदम उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून कठडा धरून सावकाश वर यायचे, अंग पुसून अर्धा तास पडून राहायचे, साधे पाणी प्यायचे. भरल्या पोटी उतरायचे नाही. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचेच नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर नेमाने जाणाऱ्या माणसालाही एवढे ठाऊक असते.

त्याच पत्रकात पुढे आहे, ‘झऱ्याचे पाणी हवे तेवढे प्यावे, ते औषधी आहे.’ चेश्म्यावर गावकरी पाच-पाच लिटरचे कॅन भरून नेतात हे खरे, म्हणून ते सगळ्यांनी दिवसभर प्यावे असे होत नाही. ऱ्होडोपीच्या गरम पाण्यांत फ्लोराइड बरेच असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार बाटलीबंद खनिज पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असले, तर सात वर्षांखालच्या मुलांना ते नेहमी देऊ नये असे बाटलीवर छापावे लागते. आमच्या गटात सहा वर्षांचा मुलगा होता. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींनी दातांचे आणि हाडांचे काय केले हे ठाऊक असलेल्या राज्यातल्या कंपनीने तरी असे वाक्य छापू नये.

माहितीपत्रकाची तर खिचडीच झाली आहे. मुखपृष्ठावर उसळणारा वाफाळता फवारा आहे तो सापारेवा बान्याचा. ते गाव रिला पर्वताच्या पायथ्याशी आहे. तिथला १०३ अंशांचा फवारा १९५७ मध्ये बोअर घेताना लागला. तिसऱ्या पानावरचे रोमन वेशीचे चित्र हिसार्याचे, म्हणजे जुन्या दिओक्लेतियानोपोलिसचे. ते प्लोवदिवच्या उत्तरेला, स्रेदना गोरा डोंगरांच्या पायथ्याला. वेलिंग्रादमध्ये यातले काहीच नाही. आणि ‘क्लेप्तुझाच्या तलावात उष्ण स्नान’ हे वाचून तिथल्या होडीवाल्यालाही हसू आले असते. क्लेप्तुझा हा चुनखडीतून फुटणारा थंडगार झरा आहे, सेकंदाला सुमारे ५७० लिटर पाण्याचा. त्याच्या तलावात पायडलच्या होड्या चालतात, हंस दिसतात. चौघे जण अंगाला टॉवेल गुंडाळून तिथे पोचले.

रेल्वेचेही तसेच. माणशी ४,५०० रुपये जादा घेऊन ‘अव्रामोवो शिखरावरचे वळणावळणाचे बोगदे’ दाखवायचे होते. सेप्टेम्व्री ते दोब्रिनिश्ते हा ७६० मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांतले अंतर), १२५ किलोमीटरचा मार्ग खरोखर पाहण्याजोगा आहे. पण डोंगराला वेटोळे घालत चढणारा भाग वेलिंग्रादच्या पुढे आहे, १,२६७ मीटरवरच्या अव्रामोवो स्थानकापर्यंत. आपण तिकिटे काढली सेप्टेम्व्री ते वेलिंग्राद, ३९ किलोमीटरची. घळीतून येणारा हा टप्पाही सुंदर आहे, पण विकला तो नव्हे. सामान वेगळ्या गाडीने न पाठवल्याने १४ मोठ्या बॅगा अरुंद डब्याच्या वाटेत उभ्या होत्या आणि इतर प्रवाशांना त्या ओलांडून जावे लागत होते. (आपले प्रतिनिधी गाडीला ‘माथेरानसारखी’ म्हणत होते. माथेरानचा गेज ६१०. तुलनाच करायची तर मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेशी करावी, तिचा ७६२.)

‘गावातला चेपिना किल्ला, वीस मिनिटांची फेरी’ यासाठी २,८०० रुपये होते. चेपिनाचा किल्ला गावात नाही, तो दोर्कोवो खेड्याजवळच्या टेकडीवर आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देस्पोत (एक उच्च राजपदवी) अलेक्सी स्लावचे ठाणे तिथे होते. वर चर्चचे अवशेष आणि पाणी साठवायची टाकी आहेत. बसपासून वर चढायलाच अर्धा-पाऊण तास हवा, आणि आम्हाला एकूण चाळीस मिनिटे दिली. एकही जण वर पोचला नाही. दोर्कोवोतले प्राचीन हत्तींच्या हाडांचे संग्रहालय मात्र पाहता आले, म्हणून यातले निम्मेच मागत आहोत.

चलनाबाबत थोडक्यात: बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे आणि १ फेब्रुवारीपासून दुकानांत लेव्ह हे तिथले जुने चलन चालत नाही. आपल्या यादीत अजूनही ‘लेव्ह सोबत ठेवावेत’ आहे. दोघांनी ते विकत घेतले. बँकेने १.९५५८३ च्या ठरलेल्या दराने बदलून दिले, पैसे बुडाले नाहीत, अर्धा दिवस बुडाला.

आमची मागणी अशी. बाल्नेओची रक्कम पूर्ण परत, १४ जणांचे ३,३६,००० रुपये. रेल्वेची निम्मी, ३१,५००. चेपिनाची निम्मी, १९,६००. एकूण ३,८७,१०० रुपये, आणि सार्वजनिक स्नानगृहाच्या तिकिटांचे ११२ युरो. ‘पुढील सहलीवर सवलत’ हे आपल्या प्रतिनिधींनी फोनवर सुचवलेले उत्तर आम्हाला मान्य नाही. पैसे ज्या खात्यांतून आले, त्याच खात्यांत जावेत. सप्टेंबरच्या गटाची नोंदणी आपल्या संकेतस्थळावर त्याच छायाचित्रांसह सुरू आहे. ‘एक तास बसावे’ आणि ‘हवे तेवढे प्यावे’ ही दोन वाक्ये तरी आजच काढावीत, परताव्याचा निर्णय होईपर्यंत थांबू नये.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी आणि कलम २(२८) नुसार दिशाभूल करणारी जाहिरात, या दोन मुद्द्यांवर पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे ‘करारानुसार फक्त मुंबई’ या आपल्या छापील अटीचा उपयोग होणार नाही.

सोबत: पावत्यांच्या प्रती, माहितीपत्रक व सूचनापत्रक (चुकीचे मजकूर अधोरेखित करून), हॉटेलच्या वेलनेस प्रमाणपत्राचे छायाचित्र, दोन्ही ठिकाणच्या पीएच पट्ट्यांचे शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र, स्नानगृहाची १४ तिकिटे, आणि जोडव्यांची दोन छायाचित्रे, तिसऱ्या दिवसाचे व चौथ्या दिवसाचे.

आपले,
मे २०२६ च्या बल्गेरिया गटातील १४ प्रवासी
(सह्या मागील पानावर)